वारज्यातला फ्लॅट, साताऱ्यातली मालकीण आणि मधली कंपनी

कंपनीचं नाव लिहीत नाही. माझा फ्लॅट अजून त्यांच्याकडेच आहे आणि मला भांडायचं असलं की मी समोरासमोर भांडते. शिवाय भाड्याची घरं सांभाळून देणाऱ्या पुण्यातल्या तीन कंपन्यांचे करारनामे मी ओळ न ओळ वाचलेत. वरचं नाव झाकलं तर कुठला कुणाचा ते ओळखू येणार नाही. त्यामुळे एकीबद्दल लिहिलं तरी बाकीच्यांकडे जाणाऱ्यांनाही उपयोग होईल.

मी साताऱ्याची. पोस्टात छत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची पंधरा बचत खात्याच्या खिडकीवर. मे २०२२ मध्ये निवृत्त झाले. हातात ग्रॅच्युइटी, पीएफ आणि माहेरच्या वाटणीतून आलेले पैसे. पंधरा लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, कारण तेव्हा मर्यादाच तेवढी होती आणि दर ७.४ टक्के होता. उरलेल्याचं काय? जन्मभर लोकांना मासिक प्राप्ती योजनेचे फॉर्म भरून देणाऱ्या बाईने तेच केलं, जे भावकीतल्या प्रत्येकाने सांगितलं. पुण्यात वन बीएचके घेतला.

वारजे निवडलं ते एसटीमुळे. मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या बायपासने जातात, वारज्याच्या पुलाशी उतरलं की रिक्षाने दहा मिनिटं. स्वारगेटच्या गर्दीत शिरावं लागत नाही. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून तर घराकडे बघून यायला मला निमित्तही लागत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीत सर्वांत उपयोगी पडलेली सोय तीच ठरली.

फ्लॅट जुना, ४५ लाखांचा. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट, म्हणून मला ६ टक्क्यांनी २ लाख ७० हजार. नोंदणी फी ३० हजार. एजंटला ४५ हजार. रंग, गीझर, स्वयंपाकघरातला ओटा आणि एक लोखंडी कपाट मिळून १ लाख ५५ हजार. एकूण बरोब्बर पन्नास लाख. लोक भाड्याचा हिशेब करताना फक्त ४५ धरतात. वरचे पाच कुठे गेले ते विचारलं की इकडेतिकडे बघतात.

पहिलं वर्ष मी कंपनीशिवाय काढलं. एजंटने परीक्षेचा अभ्यास करणारी दोन मुलं आणली, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर अकरा महिन्यांचा करार लिहिला, नोटरीचा शिक्का मारला आणि म्हणाला, "काकू, अकरा महिन्यांच्या आतलं रजिस्टर करावं लागत नाही." मी शिक्क्यांत आयुष्य घालवलेली बाई, शिक्का बघून गप्प बसले. महाराष्ट्रात हे खोटं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. चुकलात तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे नोंदवलेला करार नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, उलट तुम्ही सिद्ध करेपर्यंत. हे मला कळलं तेव्हा दोन मुलांची पाच झाली होती. पोरं वाईट नव्हती. जुलै २०२३ मध्ये स्वतःहून गेली, महावितरणचं २,३४० रुपयांचं बिल मागे ठेवून. डिपॉझिट मी आधीच परत करून बसले होते, तो माझा गाढवपणा.

ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनी लावली. दर महिन्याला भाड्याच्या ६ टक्के, नवा भाडेकरू आणला की अर्ध्या महिन्याचं भाडं, आणि दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. बदल्यात भाडेकरू शोधणं, त्याची चौकशी, करार, पोलिसांकडे माहिती देणं, भाडं वसूल करणं, दुरुस्त्या आणि घर सोडताना तपासणी.

कागदांच्या कामाला पैकीच्या पैकी. करारासाठी एक मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन थेट साताऱ्याला आला. नोंदणी विभागाची ऑनलाइन सोय आहे. आधारवरून ओळख पटते, फोटो निघतो, अंगठा घेतला जातो, कार्यालयात पाऊलही ठेवावं लागत नाही. माझा अंगठा मात्र उठेना. शिक्के, गोंद आणि नोटा मोजण्यात छत्तीस वर्षांत रेषाच गेल्यात बहुतेक. मुलाने रुमालाने पुसला, मग थोडं तेल लावून बघितलं, मग म्हणाला दुसरं बोट द्या. सातव्या प्रयत्नाला डावी अनामिका पास झाली. तोवर आमच्या यांनी त्याला दोनदा चहा आणि एकदा कंदी पेढा खिलवला होता.

सरकारी खर्च किती ते तुम्हीच काढा, कंपनीच्या "करार शुल्क ४,५००" वर जाऊ नका. करार पाच वर्षांच्या आतला असेल तर पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. माझं भाडं १८,००० आणि डिपॉझिट ५०,०००. वर्षाचे २ लाख १६ हजार अधिक ५ हजार, त्याचे पाव टक्का म्हणजे साडेपाचशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी १,०००, गावात ५००. बाकी बहुतेक येणाऱ्याची मजुरी. मजुरी घ्या ना, पण ती मजुरी म्हणून सांगा. मी विचारल्यावर साडेचारचे तीन हजार झाले. अकरा महिन्यांचा करार करण्यात महाराष्ट्रात मालकाचा काहीच फायदा नाही, उलट दर वर्षी नोंदणी फी आणि मजुरी दोन्ही पुन्हा. आता मी चोवीस महिन्यांचा करते आणि दुसऱ्या वर्षीची वाढ त्यातच लिहून घेते.

नोंदवलेल्या कराराचा दुसरा फायदा मुदत संपल्यावर. घर सोडलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो आणि ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट नुकसानभरपाई मागता येते. मला गरज पडली नाही. पण रात्री झोप लागते.

भाडेकरू निवडण्यातही कंपनीने मला निराश केलं नाही. पहिलं जोडपं दोघंही नर्स, मे २०२४ अखेर बदलीमुळे गेलं. सध्याचं कुटुंब मराठवाड्यातलं, तो गाड्यांच्या शोरूममध्ये, ती घरी शिकवण्या घेते. दोन्ही वेळा नोकरीचा कागद, आधीच्या घरमालकाशी बोलणं, पोलिसांच्या संकेतस्थळावर माहिती, सगळं मला पीडीएफमध्ये आलं. आधीच्या घरमालकाशी बोलणं ही कल्पना मला मुळीच सुचली नव्हती. आमच्या एजंटला तर नक्कीच नाही.

आता न्हाणीघर.

ऑगस्ट २०२४. साताऱ्यात पाऊस लागलेला, खंबाटकीत दरड आली की नाही ते टीव्हीवर बघत बसलेले, आणि कंपनीचा मेसेज: खालच्या मजल्यावर गळती, तातडीने काम करावं लागेल, अंदाजे सात हजार. मी होकार दिला. चार दिवसांनी बिल आलं, ६,८०० रुपये, सोबत दोन फोटो. "आधी" आणि "नंतर". फरशीचे सांधे नव्या सिमेंटने भरलेले, नळाखाली नवी जाळी. काम स्वच्छ. पैसे मी पाठवलेसुद्धा.

दोन दिवसांनी रात्री मी फोटो पुन्हा उघडला आणि मासे शोधायला लागले. आमच्या त्या न्हाणीघराच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीला निळ्या माशांची पट्टी आहे. आधीच्या मालकाच्या मुलाला मासे आवडत होते म्हणे. घर घेताना मी ती काढायची म्हटलं, मग पैसे वाचवले. फोटोत मासे नव्हते. टाइल्स हिरव्या होत्या. हे म्हणाले, कोन वेगळा असेल. कोन बदलला म्हणून टाइल्सचा रंग बदलतो का?

भाडेकरूला फोन करायचा तर कंपनीच्या करारनाम्यात एक कलम: घरमालकाने भाडेकरूशी थेट संपर्क साधू नये, सर्व संवाद कंपनीमार्फत. मी सही करताना ते वाचलं होतं आणि बरंच वाटलं होतं, कटकट नको म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली, पुलाशी उतरले आणि दारात जाऊन उभी राहिले. "आत येऊ का गं? मासे बघायचेत." ती बिचारी घाबरली. आत मासे होते. सांधे भरलेले होते, पण निम्म्या न्हाणीघराचे. जाळी जुनीच. प्लंबर एकटा आला होता, दोन तासांत गेला, असं तिने सांगितलं. मी तिच्यासमोर फोटो काढले आणि कंपनीच्या कार्यालयात गेले.

"अहो ताई, फोटो चुकून दुसऱ्या फ्लॅटचा लागला."

"आणि बिल?"

बिलही चुकूनच लागलं होतं. उरलेलं काम करून ४,५०० वर मिटलं. तो मुलगा, म्हणजे माझ्या अनामिकेचा ठसा घेणाराच, खरोखर खजील झाला होता. माझा अंदाज असा की ही लबाडी कमी आणि गबाळेपणा जास्त. एकेक जण साठ-सत्तर घरं बघतो, असं तोच म्हणाला. पण माझ्या खिडकीवर एकाच्या पासबुकात दुसऱ्याची नोंद झाली असती तर मला त्याचा लेखी खुलासा द्यावा लागला असता.

तेव्हापासून माझा नियम: हजाराच्या वरचं काम असेल तर आधी लेखी अंदाज, आणि फोटोत आपल्या घराची एक खूण दिसलीच पाहिजे. तुमच्याकडे मासे नसतील तर दुसरं काही शोधून ठेवा.

पैशांच्या वाटेबद्दलही तक्रार आहे. भाडं आधी त्यांच्या खात्यात, मग माझ्या. पाच तारखेचं मला बारा-तेराला मिळायचं. डिपॉझिटही त्यांच्याकडेच ठेवा असा आग्रह होता. डिपॉझिटला मी पहिल्याच दिवशी नाही म्हटलं, भाडं सहा महिन्यांनी थेट माझ्या खात्यात वळवलं आणि त्यांची फी मी पाठवते. एवढा एक बदल करून घेतलात तरी निम्मी डोकेदुखी जाईल.

सोसायटीशी कंपनी बोलत नाही. म्हणजे करारात "समन्वय" असा शब्द आहे, पण सेक्रेटरींचा फोन मलाच येतो. सोसायटीने भाडेकरू ठेवल्याबद्दल महिना ५०० रुपये बिनभोगवटा शुल्क लावलं होतं. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि सेवाशुल्कात महापालिकेचा कर धरायचा नाही. माझ्या मेंटेनन्समधलं सेवाशुल्क १,२००, म्हणजे १२०. कंपनीच्या मुलाला हा आदेश माहीतच नव्हता. मी छापून सेक्रेटरींना नेऊन दिला. ते म्हणाले, "मॅडम, पण सगळेच पाचशे देतात." पुढच्या सभेत सगळ्यांचे कमी झाले, आता लिफ्टमध्ये भेटणारे मला ओळखतात.

मिळकत कराचंही कुणी सांगितलं नव्हतं. मालक स्वतः राहत असेल तर पुणे महापालिका ४० टक्के सवलत देते, घर भाड्याने दिलं की ती जाते. मी आधीच्या मालकाच्या बिलावरून आकडेमोड केली होती, तिथेच पहिला खड्डा.

माझा भाचा अमेरिकेत असतो, त्याचा बाणेरचा फ्लॅट अशाच दुसऱ्या एका कंपनीकडे आहे. परदेशात राहणाऱ्या मालकाला भाडं देताना भाडेकरूनेच कर कापून भरायचा असतो, ३० टक्के आणि वर उपकर, म्हणजे ३१.२. भाडं कितीही कमी असो. इथल्या मालकाच्या बाबतीत ५० हजारांच्या वरच्या भाड्यालाच तो प्रश्न येतो. त्याच्या कंपनीने दोन वर्षं हे कुणालाच सांगितलं नाही आणि सगळे आता सीएकडे खेटे घालतायत. बाहेर राहणाऱ्यांनी कंपनी निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर दुसरी बघा.

आता हिशेब, कारण सगळे शेवटी तेच विचारतात. जून २०२४ ते मे २०२५. जून रिकामा गेला, अकरा महिन्यांचे १ लाख ९८ हजार आले. कंपनीची मासिक फी जीएसटीसकट १४,०१८ आणि नव्या भाडेकरूचे १०,६२०. सोसायटीचा मेंटेनन्स २२,८००, बिनभोगवटा १,४४०, मिळकत कर ९,६००, जूनमध्ये रंग ९,५०० आणि न्हाणीघराचे ४,५००. हातात राहिले १ लाख २५ हजार ५२२. पन्नास लाखांवर अडीच टक्के.

एप्रिल २०२३ मध्ये, म्हणजे माझा फ्लॅट घेऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, ज्येष्ठ नागरिक योजनेची मर्यादा ३० लाख झाली आणि दर ८.२ टक्के. तीस लाखांवर वर्षाला २ लाख ४६ हजार, दर तिमाहीला आपोआप खात्यात. ना मासे, ना सेक्रेटरी. त्या व्याजावर कर आहे हे खरं, आणि भाड्यात मिळकत कर वजा करून उरलेल्याची ३० टक्के सरसकट वजावट मिळते हेही खरं. घराची किंमत वाढते, ठेवीची वाढत नाही, हेही मला भाऊ दर दिवाळीला ऐकवतो. वाढली असेल. विकेन तेव्हा मोजेन.

कर्ज काढून असं घर घेणाऱ्यांसाठी एकच आकडा देते. ३५ लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्के: हप्ता महिना ३०,४०० च्या घरात. माझ्या हातात महिन्याला येतात साडेदहा हजार. आमच्या ऑफिसातली एक मैत्रीण "भाड्यातून हप्ता फिटेल" म्हणून नऱ्ह्यात बघत होती, तिला मी हा कागद दाखवला. वर नव्या करप्रणालीत घराचा तोटा पगारातून वजा होत नाही, तेही सांगितलं. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

घर बघायला जाताना सोसायटीच्या वार्षिक हिशेबात टँकरचा खर्च शोधा. मेंटेनन्स का वाढतो ते तिथे कळतं, आणि एप्रिल-मेमध्ये भाडेकरू का पळतात तेही.

तर ही सेवा घ्यावी का? त्याच गावात राहत असाल आणि दुचाकी चालवता येत असेल तर नाही. कराराची मजुरी देऊन कागद करून घ्या, बाकी तुम्हीच बघा. साताऱ्यासारखं लांब असाल तर घ्या, पण दोन-तीन महिन्यांतून एकदा जाऊन या, आणि घरात पाऊल टाकण्याआधी फोन करायला विसरू नका. माझ्यासारखं "मासे बघायचेत" म्हणून दारात उभं राहणं भाडेकरूच्या दृष्टीने बरं नव्हे. कंपनीला पाचपैकी तीन तारे. कागदांमुळे तीन, नाहीतर दोन.

यंदा नूतनीकरणाला तोच मुलगा आला. मी थेट संपर्काच्या कलमावर पट्टी ठेवून निळ्या पेनने आडवी रेघ मारली, बाजूला सही केली आणि तारीख घातली. "ताई, छापील करारात असं खोडता येत नाही," तो म्हणाला. पोस्टात रोज खोडायचो, म्हटलं, फक्त शेजारी सही लागते. तुझीही कर. त्याने जरा वेळ कार्यालयात फोन लावून बघितला, कुणी उचलला नाही, मग केली.